स्वतःची पोस्ट एडिट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी संस्थळं असोत, फेसबुकचे ग्रुप असोत की सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, दर थोड्या दिवसांनी कुठेतरी हे भांडण होतंच, की अमक्याने आपला प्रतिसाद गुपचूप बदलला आणि तमका आता खोटा पडला. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एकदाच लिहून ठेवतोय. नियमावली वगैरे नाही ही, ज्या त्या ठिकाणचे अ‍ॅडमिन सांगतील तेच खरं. पण अ‍ॅडमिनचा नियम नसेल तिथे माणसाने कसं वागावं याबद्दल माझी मतं बरीच ठाम आहेत, तर ती येणारच मधेमधे.

पोस्ट माझी, आयडी माझा, मग मी कधीही काहीही बदललं तर लोकांच्या पोटात का दुखतं?

कुणीही उत्तर दिलेलं नसेल तोवर कुणाच्याही पोटात दुखायचं कारण नाही, बदला खुशाल. उत्तर आलं की मात्र ती पोस्ट एकट्या तुमची राहत नाही. उदाहरण घ्या. तुम्ही लिहिलंत, "महाराष्ट्र राज्य १९५६ साली झालं." खाली कुणीतरी सभ्यपणे लिहिलं, "अहो १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं, महाराष्ट्र १ मे १९६० ला." तुम्ही वाचलंत, चूक कळली, वर जाऊन गुपचूप १९५६ चं १९६० केलंत आणि गप्प बसलात. आता तासाभराने जो धागा वाचायला येतो त्याला काय दिसतं? तुमचं वाक्य अगदी बरोबर, आणि खाली एक आगाऊ माणूस जे आधीच बरोबर आहे तेच तुम्हाला शिकवतोय. म्हणजे ज्याने मदत केली तोच येडा ठरला.

सगळी रीत या एकाच गोष्टीवर उभी आहे. एडिट केल्यावर, ज्याने उत्तर दिलं तो मूर्ख किंवा खोटारडा दिसणार आहे का? दिसणार असेल तर तसं एडिट करायचं नाही, किंवा केलं तर उघडपणे करायचं. बाकी खालचे प्रश्न म्हणजे याचंच पाल्हाळ.

शुद्धलेखन सुधारलं तरी सांगायचं का?

नाही हो. "संपादन: वेलांटी सुधारली" असं लिहिणारे लोक आहेत, पण त्याने वाचणाऱ्याला काही मिळत नाही. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, मोबाईलच्या कीबोर्डने केलेली जोडाक्षरांची वाट, तुटलेली लिंक, दोन परिच्छेदांत जागा सोडणं, हे सगळं न सांगता करा.

अपवाद दोन. एक म्हणजे चूक कुणीतरी दाखवून दिली असेल तर त्याला खाली "सुधारलं, धन्स" एवढं लिहा, नाहीतर त्याचा प्रतिसाद हवेत लटकतो. दुसरा, चुकीमुळे विनोद झाला असेल आणि पाच-सहा जण त्यावर हसून गेले असतील. कुणी "महिला दीनाच्या शुभेच्छा" लिहितं आणि खाली धमाल उडते, मग तो बिचारा येऊन दीनाचं दिन करून जातो आणि नंतर येणाऱ्यांना कळतच नाही सगळे का खिदळतायत. अशा वेळी राहू द्यावं किंवा कंसात लिहावं की आधी दीन लिहिलं होतं. थोडं हसू होतं, पण होऊ दे की.

आणि हो, "नाही" हा शब्द गाळला गेला असेल तर ती शुद्धलेखनाची चूक नव्हे. "मी येणार" आणि "मी येणार नाही" यातला फरक सांगूनच करायचा.

पोस्ट टाकल्यावर किती वेळात केलेला बदल चालतो?

वेळेचं असं काही पवित्र नाही, खरा प्रश्न कुणी वाचून उत्तर दिलं का हाच. तरी प्रत्येक ठिकाणच्या सोयीत एक अंदाज दडलेला असतोच. रेडिटवर पहिल्या तीनेक मिनिटांत बदललं तर बदलाची खूणच उमटत नाही, कारण टाकल्या टाकल्या स्वतःच वाचून चुका काढणं हे सगळेच करतात. व्हॉट्सअ‍ॅपने मे २०२३ मध्ये एडिट दिलं तेव्हापासून पंधरा मिनिटं मिळतात. टेलिग्रामवर चॅटमध्ये ४८ तास. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, तिथे वर्षानुवर्षं लोक मागत होते तेव्हा कुठे २०२२ मध्ये ही सोय आली आणि तीही पैसे भरणाऱ्यांनाच.

माझं म्हणाल तर टाकून लगेच एकदा वाचावं, दोन-चार मिनिटांत काय ते रंगकाम उरकावं, आणि त्यानंतरचा अर्थाचा प्रत्येक बदल सांगून करावा. वर्दळीचा धागा असेल तर त्या दोन मिनिटांतही तीन उत्तरं आलेली असतात, तेव्हा सेव्ह करायच्या आधी खाली एक नजर टाका.

उत्तरं येऊन गेल्यावर चूक लक्षात आली. आता नेमकं काय करू?

मूळ वाक्य राहू द्या, त्याच्यावर काट मारा, आणि शेजारी बरोबर काय ते लिहा. झालं. जिथे एचटीएमएल चालतं तिथे काट मारायची सोय असते, व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना ~ हे चिन्ह टाकलं की काट पडते (हे बऱ्याच जणांना माहीतच नाही). काट मारायची सोयच नसेल तर पोस्टच्या शेवटी ओळ टाका, "दुरुस्ती: वर १९५६ लिहिलं होतं ते चूक, १९६० हवं. लक्षात आणून दिल्याबद्दल अमुकतमुक यांचे आभार." यात तुमची इज्जत जात नाही. उलट असे आयडी पुढच्या वेळी काही म्हणाले की लोक विश्वास ठेवतात, हे मी वर्षानुवर्षं रोमात (म्हणजे न लिहिता नुसतं वाचत) राहून बघत आलोय.

विकिपीडियाच्या चर्चापानांवर हीच रीत आहे. तिथे लेखात कुणीही काहीही सुधारू शकतो, पण चर्चापानावर आपलंच वाक्य असलं तरी कुणी उत्तर दिल्यावर ते पुसायचं नाही, काट मारायची आणि नवं जोडायचं असं अपेक्षित असतं. शिवाय "इतिहास पहा" वर टिचकी मारली की कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतंच, त्यामुळे लपवाछपवीचा उपयोगही नाही.

"संपादन" ची ओळ वर टाकायची की खाली?

ज्या चुकीमुळे कुणाचं नुकसान होऊ शकतं तिची दुरुस्ती सगळ्यात वर. औषधाचा डोस, फॉर्म भरायची शेवटची तारीख, गाडीची वेळ, असलं काही. लोक पहिल्या चार ओळी वाचतात आणि पळतात, खाली लिहिलेली ता.क. कोण बघतंय. बाकी भर, आठवलेला किस्सा, जादा फोटो वगैरे खाली.

तारीख टाका मात्र. नुसतं "अपडेट:" लिहिलेलं असतं आणि ते कालचं आहे की २०१४ चं ते कळत नाही.

मराठी संस्थळांवर एडिटचं बटण कधी दिसतं कधी दिसत नाही. माझ्या आयडीवर राग आहे का कुणाचा?

कुणाचा राग नाही. आपली बरीचशी मराठी संस्थळं ड्रुपल नावाच्या प्रणालीवर चालत आली आहेत, आणि ड्रुपलच्या सहाव्या आवृत्तीत नियमच असा होता की तुमच्या प्रतिसादाला एकही उपप्रतिसाद आला नसेल तोपर्यंतच तुम्हाला तो बदलता येतो. कुणी खाली उत्तर दिलं रे दिलं की बटण गायब. कितीतरी लोकांना वाटायचं साइट गंडली. पण मला विचाराल तर तो नियम लिहिणाऱ्याला माणसांची चांगली पारख होती, पहिल्या उत्तरात जी रीत सांगितली ती त्याने कोडमध्येच घालून टाकली होती. पुढच्या आवृत्तीत ही परवानगी वेगळी द्यायची सोय झाली, त्यामुळे आता प्रत्येक ठिकाणचं गणित वेगळं. कुठे प्रतिसाद अजिबात बदलता येत नाही, कुठे ठरावीक वेळ, कुठे लेखासाठी एक आणि प्रतिसादासाठी दुसरं.

बटण नसेल तर दोन मार्ग. छोटी चूक असेल तर स्वतःच्याच प्रतिसादाला उपप्रतिसाद द्या, "वरच्या प्रतिसादात तिसऱ्या ओळीत १९५६ ऐवजी १९६० असे वाचावे." मोठी असेल तर संपादक मंडळाला किंवा अ‍ॅडमिनला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि त्यात धाग्याची लिंक, जुनं वाक्य, नवं वाक्य असं तिन्ही द्या. "माझ्या लेखात थोडे बदल करायचे आहेत कृपया करून द्यावेत" एवढंच लिहून वाट बघत बसणारे लोक असतात, अहो ते संपादकसुद्धा नोकरीधंदा सांभाळून फुकटात हे काम करतात, त्यांनी ओळखायचं का कोणते बदल ते.

"प्रकाटाआ" म्हणजे काय असतं? नवीन आहे मी इथे.

प्रतिसाद काढून टाकला आहे. पूर्ण डिलीट करता येत नाही तिथे आतला मजकूर काढून लोक एवढंच ठेवतात. दोनदा पडलेल्या प्रतिसादासाठी हे एकदम योग्य. पण भांडणाच्या मध्यावर, खाली सात उपप्रतिसाद असताना वर नुसतं प्रकाटाआ, हे म्हणजे कॅरम खेळताना हरायला लागल्यावर बोर्ड उचलून घरी जाण्यासारखं. निदान कारण लिहा. "प्रकाटाआ, माहिती चुकीची होती" किंवा "प्रकाटाआ, भाषा नीट नव्हती". दोन शब्द जास्त लागतात फक्त.

वाद तापलाय आणि माझा आधीचा प्रतिसाद जरा जास्तच झाला होता. तो थोडा सौम्य करून ठेवला तर?

थोडा सौम्य म्हणजे कुणाच्या नजरेत सौम्य? इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही लिहिलंत "सगळे डॉक्टर लुटारू असतात." त्यावर एक डॉक्टरबाई चिडल्या आणि त्यांनी सणसणीत लिहिलं. मग तुम्ही वर जाऊन "सगळे" चं "काही" केलंत. एकच शब्द, पण आता धागा वाचणारा म्हणणार की या बाई किती हायपर, समोरच्याने "काही" म्हटलंय तरी एवढा त्रागा. तुम्ही शिवी दिली नाही, काही नाही, एका शब्दात समोरच्याला तोंडघशी पाडलंत. मत बदललं असेल तर नवा प्रतिसाद लिहा ना की "सगळे म्हणणं चूक होतं, काही म्हणायला हवं होतं." त्याने वाद तिथेच अर्धा थंड होतो, तर गुपचूप बदलाने दुप्पट पेटतो, कारण बदल पकडला गेला की मग मुद्दा बाजूला आणि "तुम्ही लबाडी केलीत" हाच विषय पुढचे शंभर प्रतिसाद चालतो. असे कितीतरी चांगले धागे शेवटी वाचनमात्र झालेत, म्हणजे अ‍ॅडमिनने तिथे लिहिणंच बंद केलं.

याच्या उलटा प्रकारही असतो. समोरच्याचं उत्तर वाचून झाल्यावर वर आपल्या जुन्या प्रतिसादात एक वाक्य घुसडायचं आणि मग खाली लिहायचं, "हे मी आधीच म्हटलं होतं, नीट वाचत चला." हे करणाऱ्यांबद्दल छापण्याजोगं मला काही सुचत नाही.

समोरच्यानेच असं केलं तर?

पहिली गोष्ट, लगेच बोंब ठोकू नका. शक्यता असते की तुम्ही उत्तर टाइप करत होतात त्या पाच मिनिटांतच त्याने बदल केला आणि त्याला तुमचं उत्तर दिसलंच नाही. असं खूपदा होतं. व्यनि किंवा विपु (त्याच्या विचारपूस पानावर निरोप) करून विचारा, "मी उत्तर दिलं तेव्हा तिथे वेगळं वाक्य होतं, जरा नोंद टाकता का." बहुतेक लोक टाकतात.

नाही टाकली तर तुमच्या प्रतिसादात एक ओळ, "मी हे लिहिलं तेव्हा वर असं असं वाक्य होतं." पुरे. स्क्रीनशॉट चारचौघांत फडकवायचा तो अगदी शेवटचा उपाय.

आणि पुढच्या वेळेपासून ज्या वाक्याला उत्तर देताय ते वाक्य वर अवतरणात घ्या आणि मग लिहा. जुने लोक हे न चुकता करायचे. अख्खा प्रतिसाद नको पेस्ट करू, नेमकं वाक्य फक्त.

रागात घाण लिहून बसलो. एडिट, डिलीट की तसंच ठेवू?

काढा. इथे "मूळ वाक्य राहू द्या" हा नियम लागू नाही. शिवी, कुणाच्या जातीवरून, दिसण्यावरून, घरच्यांवरून लिहिलेलं, कुणाचा पत्ता किंवा फोन नंबर, हे काट मारून जपून ठेवायची वस्तू नाही, काट मारलेली शिवीही वाचताच येते. काढून तिथे लिहा की "इथे वैयक्तिक शेरा होता, काढला." आणि माफी मागायची असेल तर ती नव्या प्रतिसादात मागा, कारण एडिट केल्याचं बहुतेक ठिकाणी समोरच्याला कळवलं जात नाही. जुन्या पोस्टमध्ये माफी घालून तुम्ही मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, त्याला मात्र पत्ताच नाही.

काढलं म्हणजे गेलं ना पण?

नाही. फेसबुकवर एडिट केलेल्या पोस्टचा इतिहास इतरांना उघडून बघता येतो, आधीच्या आवृत्त्यांसकट. काही साइट प्रतिसादाची प्रत ईमेलने पाठवतात, ती त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये आहेच. वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनने त्या पानाची प्रत घेतली असेल तर तीही आहे. आणि स्क्रीनशॉट तर काय, तो या देशाचा राष्ट्रीय छंद आहे.

पालघरची २०१२ ची घटना आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, लिहिणारीने माफी मागूनही तिच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली आणि दोघींना अटक झाली. त्यांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं आणि आताही वाटत नाही, पुढे आयटी कायद्याच्या ज्या ६६ अ कलमावरून एवढं रान पेटलं ते सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. इथे सांगायचा मुद्दा एवढाच की मागे घेतलेलं लिखाणसुद्धा तोवर गावभर फिरलेलं असतं.

पाककृतीत प्रमाण चुकलं होतं, ते सुधारलं. आता लोक का चिडलेत?

कारण त्यांचे अनारसे हसले! गंमत नाही करत. पाककृतीच्या धाग्यात एडिटचा परिणाम थेट कढईत होतो. समजा तुम्ही एका वाटी पिठीला सव्वा वाटी गूळ लिहिलात. कुणीतरी तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवले, वाळवले, कुटले, पीठ आंबवलं, आठवड्याने तळायला घेतले तर पहिलाच अनारसा तुपात पडून विरघळला, गूळ जास्त झाला की होतंच असं. ती बाई धाग्यावर विचारायला आली तर तिथे पाऊण वाटी लिहिलेलं. आता तिला वाटतंय आपण वाचण्यातच चूक केली, आणि खाली दोन सुगरणी येऊन सांगतायत की "ताई, प्रमाण नीट बघत चला."

तर पाककृतीत प्रमाण बदललं की ते साहित्याच्या यादीतच, त्याच ओळीत, काट मारून दाखवा, आणि वर तारखेसह लिहा की गुळाचं प्रमाण बदललंय. शिवाय खाली नवा प्रतिसादही टाका, कारण ज्यांनी आधीच वहीत उतरवून घेतलंय ते वरचा मजकूर परत वाचणार नाहीत, पण नवीन प्रतिसाद आला की धागा वर येतो आणि निदान नजरेस पडतो. वाटी म्हणजे केवढी हेही त्याच वेळी लिहून टाका, निम्मे प्रश्न त्याचेच असतात.

लोकांनी सुचवलेले बदल मूळ कृतीत मिसळू नका. कुणी सांगितलं बेसनाऐवजी थालीपिठाची भाजणी वापरून बघितली, छान झालं, तर ते खाली "वाचकांनी सुचवलेलं" म्हणून त्यांच्या आयडीसकट ठेवा.

ट्रेकची, प्रवासाची माहिती जुनी झाली तर मूळ लेख बदलायचा का?

लेख वर्णनाचा असेल तर बदलू नका, तो त्या वेळचा आहे. २००९ साली राजमाचीला गेलात आणि उधेवाडीत ज्यांच्याकडे जेवलात ते लिहिलंत, ते तसंच छान. पण वर एक चौकट टाका की ही माहिती २००९ ची आहे, सोय आता आहे का ते विचारून जा. एसटीच्या वेळा, टाक्यातलं पाणी, पावसाळ्यातली बंदी, फोन नंबर, या गोष्टी वर्षभरात बदलतात. टाक्यात पाणी आहे म्हणून वाचून एप्रिलमध्ये माणूस गेला आणि टाकं कोरडं निघालं तर तो तुमच्या नावाने खडे फोडणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

वाट चुकायची जागा चुकीची लिहिली गेली असेल तर मात्र एक मिनिट थांबू नका. मूळ वाक्यही ठेवू नका, काट मारलेलं वाक्य घाईत वाचणारा खरं धरून चालायला लागतो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे सगळं कसं लागू होतं?

तिथे जरा वेगळं आहे. एडिट केलं की मेसेजखाली तशी बारीक खूण येते पण आधी काय होतं ते कुणाला बघता येत नाही, आणि नवीन नोटिफिकेशनही जात नाही. त्यामुळे मुंजीची वेळ साडेदहाची साडेनऊ झाली आणि तुम्ही मेसेज फक्त एडिट केलात तर ज्यांनी सकाळी वाचला ते साडेदहालाच येणार, आणि बटू वाट बघत बसणार. वेळ, जागा, रक्कम बदलली की नवा मेसेज. वरती "बदल" असं ठळक लिहून.

दुसरं म्हणजे फॉरवर्ड. तुम्ही तुमचा मेसेज बदललात किंवा सगळ्यांसाठी डिलीट केलात तरी जो पुढे फॉरवर्ड झालाय तो तसाच फिरत राहतो. "अमक्या हॉस्पिटलमध्ये ओ निगेटिव्ह रक्त तातडीने हवे" हे मेसेज पेशंट घरी जाऊन महिने उलटले तरी फिरतात आणि नातेवाइकांना फोन येत राहतात. यावर एडिट हा उपाय नाहीच. मेसेज लिहितानाच तारीख, वेळ आणि "या तारखेनंतर पुढे पाठवू नये" हे आत घाला.

डिलीट करायला आता दोन दिवसांहून जास्त वेळ मिळतो. सुरुवातीला २०१७ मध्ये फक्त सात मिनिटं होती, ते बरं होतं असं माझं मत. कारण हल्ली रात्रीचं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून एकेक मेसेज पुसत बसणारे लोक झालेत, आणि ग्रुपवर ओळीने मेसेज डिलीट केल्याच्या पट्ट्या दिसल्या की ज्याने वाचलं नव्हतं त्यालाही प्रश्न पडतो एवढं काय झालं रात्री.

धाग्याचं शीर्षक बदललं तर चालतं का?

टाळा. लोक शीर्षकावरून धागा लक्षात ठेवतात. पण नुसतं "मदत हवी आहे" असं शीर्षक असेल तर ते बदलून "पुण्यात वयस्कर लोकांसाठी फिजिओथेरपिस्ट हवा" केलंत तर सगळेच आशीर्वाद देतील. अर्थ उलटा करणारा बदल मात्र नको, पन्नास प्रतिसाद एका प्रश्नाला आलेले असतात आणि वर दुसराच प्रश्न.

मला उत्तर मिळालं. आता प्रश्न उडवला तर?

हे मला फार खटकतं. कुणीतरी वेळ काढून, कागदपत्रं शोधून, सातबाऱ्यावरच्या नोंदीबद्दल तुम्हाला पानभर लिहिलं, आणि तुम्ही काम झाल्यावर वरचा प्रश्न पुसून "धन्यवाद, झालं काम" एवढंच ठेवलंत. पुढच्या माणसाला ते पानभर उत्तर कशाचं आहे ते कळणार कसं? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर उत्तरं आल्यावर प्रश्नच बदलला तर लोक सरळ जुनी आवृत्ती परत आणून ठेवतात, तिथे ती सोय आहे. आपल्याकडे नाही, म्हणून भरवशावर चालतं.

घरगुती किंवा तब्येतीचं काही लिहिलं गेलं आणि नंतर भीती वाटली की कुणी ओळखेल, तर तेवढं काढा, कुणी नावं ठेवणार नाही. गाव, ऑफिस, वय, नात्यातली माणसं हे काढून प्रश्नाचा सांगाडा ठेवा. प्रतिसादात कुणी ते तपशील उद्धृत केले असतील तर त्यांना व्यनि करून काढायची विनंती करा, बहुतेक जण ऐकतात.

कथा-कवितांचं काय? त्या तर सुधारतच राहणार ना माणूस.

राहू दे की. कविता ही काही साक्ष नाही. पण कुणी एखाद्या कडव्यावर लिहिलं असेल आणि ते कडवंच उडवलंत तर खाली सांगा. कुणाच्या सूचनेवरून शेवट बदलला असेल तर नाव घ्या त्याचं. क्रमशः कथेत मात्र तिसरा भाग आल्यावर पहिल्या भागात जाऊन खुनी कोण ते बदलू नका, लोक अंदाज बांधत बसलेले असतात.

वस्तू विकली गेली, जाहिरात डिलीट करू का?

"विकली" असं वर लिहा आणि ठेवा. किंमत पुसू नका, दुसऱ्याला भावाचा अंदाज येतो. किंमत वाढवायची असेल आणि कुणी आधीच "घेतो" म्हटलं असेल तर त्याला जुन्याच भावात द्यायची असते, यात चर्चा कसली.

जुनं लिखाण एआयकडून घासूनपुसून घेऊन परत टाकलं तर?

कशाला राव. तुमचं "च्यामारी" गेलं आणि तिथे "अत्यंत महत्त्वाची बाब अशी की" आलं. खालचे प्रतिसाद एका माणसाला दिलेले होते.

कंटाळलो इथल्या राजकारणाला. आयडी सोडतोय, जाताना सगळे लेख आणि प्रतिसाद पुसून जाऊ?

आधी "हेमाशेपो" (हे माझं शेवटचं पोस्ट) लिहून तीन दिवस थांबा, निम्मे लोक चौथ्या दिवशी परत येतात. तरीही जायचंच असेल तर लेख तुमचे आहेत, हक्क तुमचा आहे, अ‍ॅडमिनला सांगून ते काढायला हरकत नाही. प्रतिसादांना मात्र हात लावू नका अशी माझी विनंती राहील. एकेका धाग्यात शिरून तुमची बाजू पुसलीत की तिथे बाकीचे लोक भिंतीशी बोलताना दिसतात, आणि त्यातले कितीतरी तर तुमच्या बाजूनेच भांडत होते.

नावाची अडचण असेल तर काही ठिकाणी आयडीचं नाव बदलून मिळतं, ते आधी विचारून बघा.

माझ्या पोस्टला भरपूर लाइक, अनुमोदन, +१ मिळालेत. आता त्यात थोडी भर घातली तर?

थोडी म्हणजे किती ते बघा. लोकांनी "एसटी वेळेवर सुटायला हवी" याला +१ दिलं आणि तुम्ही खाली आणखी एक ओळ जोडून कुठल्यातरी पक्षाचा प्रचार घातलात, तर ते सगळे +१ आता त्यालाही लागले. हे चूक. नवा मुद्दा नव्या प्रतिसादात, त्याला त्याचे वेगळे लाइक मिळतील, मिळाले तर.

यूट्यूबवर तर कमेंट एडिट केली की चॅनेलवाल्याने दिलेलं बदाम (हार्टची खूण) उडून जातं. मग खाली "दादा परत बदाम द्या ना, फक्त स्पेलिंग सुधारलं होतं" असं लिहीत बसू नका, तो रोज शेकडो कमेंट बघतो.